काकूंचा मेल आणि तेलीबांध्याचा नंबर

रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझं दुकान आहे. पाटीवर 'कॉम्प्युटर सेंटर' असं लिहिलं आहे, पण ती पाटी कोणी वाचत नाही. लोक चौकात विचारतात, "वो मेल वापस लानेवाली दीदी कहाँ बैठती है?" आणि समोरचा पानवाला सुपारी कातरता कातरता माझ्याकडे बोट दाखवतो. एक बाई तर चपला बाहेर काढून आत आली, मॉनिटरला हात जोडले आणि म्हणाली, "दीदी, नारियल-अगरबत्ती कुछ लगेगा क्या?" मी म्हटलं, "नारळ राहू दे बाई, तुझा जुना फोन असेल तो घेऊन ये."

अंकासाठी लिहा म्हणून संपादकताई मागे लागल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी रायपूरची. आमची भाषा म्हणजे अर्धी नागपुरी, अर्धी हिंदी, वरून छत्तीसगढीची फोडणी. पुण्याची भाची म्हणते, "मावशी, तू मराठी बोलतेस की मिक्स भाजी करतेस?" तिले काय समजते! तरी लिहायचं म्हणून जरा नीटनेटकं लिहिते. मध्येच 'मले-तुले' आलं तर सांभाळून घ्या.

हा धंदा मी ठरवून केला नाही. टायपिंगचा क्लास होता, मग पोट्टे तासावर चॅटिंग करायला येऊन बसायचे, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि माझ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आता शटर पाडावं असं वाटत होतं, तेवढ्यात चोर धावून आले. खोटं कशाला बोलू, आज माझी चूल चोरांच्या मेहनतीवर पेटते.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या दारावर कोणी गॅसवाल्याचा शर्ट घालून आला, म्हणाला, "किल्ली दाखवा, तपासणी आहे," तुम्ही भल्या मनानं दिली, आणि तो आत शिरून कुलूपच बदलून बसला. तुम्ही आपल्याच घराच्या पायरीवर, हातात दुधाची पिशवी. मेल चोरीला जातो तो असाच. कोणी काही फोडत नाही, आपणच पासवर्ड हातात ठेवतो. याला फिशिंग म्हणतात. माझं काम म्हणजे मेलच्या कंपनीला पटवून देणं, की पायरीवर बसलेली ही व्यक्तीच खरी मालक आहे. कंपनीत माणूस भेटत नाही, सगळं मशीनच विचारतं, आणि मशीनला तुमचे अश्रू दिसत नाहीत. त्याला एवढंच बघायचं असतं, की तुम्ही नेहमीच्याच घरातून, नेहमीच्याच कॉम्प्युटरवरून बोलून राहिल्या की नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला दुकानात बोलावत नाही, जुन्या काळच्या डॉक्टरसारखी स्वतः घरी जाते. लोकांना वाटतं दीदी चहासाठी येते. चहाही पिते, का नाही पिणार?

नमुने तर असे भेटले की विचारू नका. एक रेल्वेतले निवृत्त गार्डसाहेब होते. त्यांना मेल आला, की तुमचं खातं आज संध्याकाळी बंद होणार, ताबडतोब माहिती भरा. त्यांनी भरली. माझ्यावरच डाफरले, "अहो, आदेश म्हणजे आदेश! उभ्या नोकरीत एक मेमो खाल्ला नाही मी." मी म्हटलं, "साहेब, आदेश काढणारा चोर होता." तर म्हणतात, "पण भाषा किती व्यवस्थित होती!" चोराच्या शिस्तीवर माणूस खूश!

आणि ते जोडपं. मशीन कधी कधी विचारतं, आठवत असलेला जुना पासवर्ड सांगा. मी नवऱ्याला सहज विचारलं. तो पांढराफटक पडला. बायको शेजारीच. म्हणाला, "दीदी, लिखके देता हूँ." मी बायकोला म्हटलं, "वहिनी, जरा पाणी आणता का?" ती आत गेली तेवढ्यात त्यानं चिठ्ठी सरकवली. एका मुलीचं नाव होतं, पुढे एक-दोन-तीन. बायकोचं नाव ते नव्हतं, एवढंच सांगते. खातं परत मिळालं, चिठ्ठी मी चघळून गिळली नाही एवढंच बाकी ठेवलं. आमच्या धंद्यात वकिलाइतकंच तोंड बंद ठेवावं लागतं.

पण तोंड बंद ठेवण्यात माझ्याही वरताण एक बाई आमच्या गावात आहे. चौबे कॉलोनीतल्या कुमुदकाकू. रायपूरच्या मराठी लोकांच्या लग्नांचं हेड ऑफिस म्हणा. काही घरं इथं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहेत, काही विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी आली. दोघांनाही मुलामुलींची स्थळं लागतात, आणि ती काकूंकडे मिळतात. दुर्ग, भिलाई, बिलासपूर, पार नागपूरपर्यंत काकूंचा मेल फिरतो. पैसा घेत नाहीत, साडी घेत नाहीत. लग्नाचे लाडू मात्र हक्कानं मागून घेतात. कोणत्या मुलीला कोणी काहून नकार दिला, कोणाच्या घरात काय दुखणं आहे, कोणाचा साखरपुडा मोडला, सगळं काकूंना ठाऊक, पण मजाल आहे की ब्र काढतील! म्हणून तर आईबाप डोळे मिटून मुलीचा फोटो त्यांच्याकडे पाठवतात.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी त्यांचा फोन आला. हा त्यांचा ऐन सीझन. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, त्यामुळे दसरा झाला की लोकांची धावपळ सुरू.

"मीना, घाईनं ये. मी काही केलं नाही, पण काहीतरी झालं आहे."

'मी काही केलं नाही' हे वाक्य मी रोज ऐकते. त्याचा अर्थ केलं आहे. मी स्कूटर काढली.

काकू समोरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या, मांडीवर मोबाईल, आणि मोबाईल काही गप्प बसत नव्हता. "काकू, तुम्ही पाठवलेली पत्रिका उघडून नाही राहिली." "काकू, ते पासवर्ड मागून राहिलं, टाकू का?" काकू प्रत्येकाला सांगत होत्या, "अरे, मी काही पाठवलंच नाही! नको टाकू!" फोन ठेवला की दुसरा.

"काल काय उघडलं?" मी विचारलं.

"मी? काही नाही. बिलासपूरच्या बाईंचं एक स्थळ आलं होतं, तेवढं."

बिलासपूरला एक बाई आहेत, त्या हेच काम करतात, दोघींची देवाणघेवाण चालते. त्यांचं खातं आधी चोरीला गेलं असणार आणि चोर तिथून काकूंकडे आला. हे लोक असेच घरोघर सरकतात, ओळखीच्या नावानं. अनोळखी माणसाला आपण दार उघडत नाही, ओळखीच्याला उघडतो, ही साधी गोष्ट त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

"काय होतं त्या मेलमध्ये?"

काकूंना पाठ होतं. "मुलगा डॉक्टर. एकुलता एक. नागपुरात स्वतःचं घर. अपेक्षा: काही नाहीत. पत्रिका व फोटो पाहण्यासाठी येथे दाबा."

"काकू! इतकी वर्षं हे काम करून राहिल्या तुम्ही. अपेक्षा नसलेला मुलगा कधी पाहिला का?"

"नाही न! म्हणूनच तर उघडलं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, असा एक तरी निघाला बाप्पा."

मला हसू आवरेना. काकू रागावल्या. आलेलं स्थळ संध्याकाळपर्यंत तसंच ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम. कोणाच्या तरी घरी पोरगी वाट पाहत असते, तिचं नशीब आपल्या आळसापायी अडू नये, असं त्या म्हणतात. एवढ्या वर्षांत हा नेम मोडला नाही, आणि चोरानं नेमका तोच धरला. पान उघडलं, त्यानं मेलचा पासवर्ड मागितला, काकूंनी दिला. वर मला म्हणतात, "मले वाटलं, चांगलं आहे, पत्रिकेले कुलूप लावून ठेवतात, सावध लोक दिसतात."

इथपर्यंत गंमत होती. मग काकूंनी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "मीना, पोरींचे फोटो आहेत त्यात. पत्ते आहेत, जन्मवेळा आहेत, बापांचे फोन आहेत. माझ्या भरवशावर पाठवलेले. आता तो मेला माझंच नाव सांगून घरोघर फिरून राहिला. माझ्या नावानं लोक दार उघडतात गं."

हे ऐकून माझं हसू गेलं. पैशाची चोरी झाली तर माणूस कपाळाला हात लावतो, चार दिवस शिव्या देतो, मोकळा होतो. इथं दुसऱ्यांच्या लेकी होत्या. आणि चोर आत बसून अजून मेल पाठवत होता, हे फोन वाजत होते त्यावरून दिसत होतंच.

मी कामाला लागले. काकूंचाच जुना कॉम्प्युटर, काकूंच्याच घरचं नेट, म्हणजे निम्मं काम सोपं. पासवर्ड चोरानं बदलला होता. 'पासवर्ड विसरलात का' दाबलं. मशीन म्हणालं, तुमच्या नोंदवलेल्या फोनवर कोड पाठवतो. फोनचे फक्त शेवटचे दोन आकडे दाखवले. चोरानं अजून तो नंबर काढला नव्हता, हे आमचं नशीब. काढला असता तर काम दहापट अवघड.

"काकू, हा नंबर तुमचा?"

"नाही."

"अभिजितचा?" अभिजित त्यांचा मुलगा, बंगलोरला असतो.

"नाही वाटत. थांब, त्यालेच विचारते."

अभिजितला फोन लावला. आमच्या रायपूरची ही पिढी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. तो मीटिंगमध्ये होता. "आई, वो तो पल्लवी का नंबर है। उसी ने बनाया था ना तुम्हारा अकाउंट। छोड़ो वो सब, नया बना लो।"

काकूंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "नवं बनवून घे म्हणते. यांले सगळंच नवं बनवता येते."

पल्लवी म्हणजे काकूंची सून. होती, म्हणायला पाहिजे. रेल्वे कॉलोनीत वाढलेली, वडील विदर्भाचे. काकूंनी स्वतः निवडलेली, स्वतः पत्रिका जुळवलेली; लग्नात मी जेवले आहे, जिलेबी छान होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं सासूची बायोडेटाची बासनं सोडवून सगळं कॉम्प्युटरवर चढवलं, मेल काढून दिला, काकूंचा हात हातात धरून माऊस फिरवायला शिकवला. तेव्हा काकूंकडे मोबाईल नव्हता, म्हणून नंबर तिनं आपला टाकला. पुढे नवराबायकोचं पटलं नाही, रीतसर वेगळे झाले. कोणी कोणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या नाहीत. पल्लवी तेलीबांध्याला फ्लॅट घेऊन राहते, बँकेत आहे. पण त्या दिवसानंतर सासूसुनेचं बोलणं नाही. भांडण झालं असतं तर भांडण मिटवायला तरी फोन झाला असता. भांडणच नाही, तर फोन कोणी करायचा आणि काय म्हणून? गावात मात्र कुजबुज व्हायची, दुनियेची जुळवतात, घरचीच नाही टिकली. काकू ते ऐकून घेत. एकदाच मला म्हणाल्या होत्या, "गुण जुळवता येतात गं, माणसांले आपलं आपणच जुळवून घ्यावं लागते."

"काकू, तिच्या फोनवर कोड येईल. सहा आकडे. ते आपल्याले सांगितले की खातं उघडते," मी म्हटलं.

"दुसरा रस्ता नाही?"

"आहे. अर्ज करायचा, मशीनच्या उत्तराची वाट पाहायची. कधी येईल सांगता येत नाही. आलं तरी हो म्हणेल याचा भरवसा नाही."

"तर मग तोच कर."

"आणि तोवर?"

काकूंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. मी अर्जाचं पान उघडलं, जबरदस्ती करणारी मी कोण? तेवढ्यात परत मोबाईल वाजला. तात्यापाऱ्यातले एक वडील होते, साधा माणूस, मुलगी शाळेत शिकवते. त्यांनी त्या पानावर पासवर्ड टाकला होता. विचारत होते, "काकू, तुम्ही पाठवलं म्हणून टाकलं जी. मुलीच्या फोटोचं काही वाईट तर नाही न होणार?"

काकू त्यांना म्हणाल्या, "नाही होणार. मी पाहते." फोन ठेवला आणि माझ्यापुढे धरला. "लाव तिचा नंबर. माझ्याजवळ नाही आता. तुझ्याजवळ असेल."

माझ्याजवळ होता. माझ्याजवळ सगळ्यांचे असतात. लावला, स्पीकर चालू केला.

"जी, बोलिए," पल्लवीचा बँकेतला आवाज.

काकूंनी तोंड उघडलं आणि अडकल्या. आई म्हणायची ती त्यांना. आता स्वतःला काय म्हणायचं? "मी... मी बोलून राहिली. कुमुद... चौबे कॉलोनीतून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एकदम घाईनं, "आई? बरं आहे न सगळं? तब्येत?"

"तब्येत चांगली आहे. तो आपला मेल..."

"माहीत आहे मले. सकाळीच अलर्ट आला मले, पासवर्ड बदलला म्हणून. फोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला. म्हटलं, आता मी कोण सांगणारी."

काकूंनी पदर तोंडाशी धरला. त्यांच्याच्यानं बोलवेना, म्हणून मी मध्ये पडले. "पल्लवी, मी मीनादीदी. तुझ्या फोनवर कोड पाठवते, तेवढा वाचून दाखव."

"नहीं दीदी। कोड मी नाही सांगणार."

खरं सांगते, मला चीड आली. म्हटलं, झालं, इथं उगवला सूड. काकूंनी मान खाली घातली. त्यांनाही तेच वाटलं असणार.

"फोनवर कोड मी कोणालेच सांगत नाही," पल्लवी पुढे बोलत होती. "बँकेत दिवसभर लोकांले हेच शिकवते. आजकाल आवाजही बनवता येते, दीदी। आईचा आवाज काढून कोणी बोलून राहिलं तर? हे खरंच आई आहेत हे मले इथून कसं समजन? पोरींचे फोटो आहेत त्यात. तुम्ही काही दाबू नका. मी येऊन राहिली."

फोन बंद. मी आणि काकू एकमेकींकडे पाहत राहिलो. उभ्या रायपूरला मी सांगत फिरते, की बाप्पाहो, कोड कोणाला सांगू नका, सख्ख्या भावालाही नाही. कोणी ऐकत नाही. जे ऐकत नाहीत त्यांच्यावरच माझं दुकान चालतं. एकच पोरगी ऐकणारी निघाली, ती नेमकी आज!

तेलीबांधा ते चौबे कॉलोनी, मध्ये जयस्तंभ चौकाचा ट्रॅफिक. मी तोवर घराघरांतून येणारे फोन घेत राहिले आणि पासवर्ड बदला, पासवर्ड बदला, हा जप करत राहिले. काकू मात्र फोनजवळून उठल्या. दिवाणावरची चादर काढली, दुसरी घातली. ती बरी दिसेना, म्हणून पुन्हा पहिली घातली. आत गेल्या, पोह्यांचा डबा काढल्याचा आवाज आला. मी ओरडले, "काकू, चोर आत आहे अजून!" तर आतून, "असू दे. ती सकाळपासून उपाशी असन."

स्कूटी थांबली. पल्लवी दारात आली, हेल्मेट काखेत, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. काकू स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा. दोघींपैकी एकीलाही पाय पुढे टाकता येईना. शेवटी पल्लवीनं काकूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "हव. तुम्हीच आहात."

काकू हसल्या. हसता हसता झारा तसाच धरून रडल्या. पल्लवीनं झारा काढून घेतला. मला बाई बघवेना, मी मॉनिटरकडे तोंड करून बसले.

पुढचं काम तसं थोडक्यात झालं. कोड मागवला, पल्लवीच्या फोनवर आला, तिनं माझ्या खांद्यावरून हात पुढे करून स्वतः टाइप केला. मला नाही सांगितला! खातं उघडलं. नवा पासवर्ड काकूंनी टाकला, आम्ही दोघींनी पाठ फिरवली. मग मी चोराची झाडलोट केली. तो कुठून कुठून आत बसला होता तिथून हाकलला. आणि एक गोष्ट सापडली, जी माझ्या अनुभवी डोळ्यांना सापडतेच: त्यानं आत एक नियम लावून ठेवला होता, की कोणी उत्तर पाठवलं तर ते थेट कचऱ्यात जावं. म्हणजे काकूंना कळायलाच नको. मी कचरा उघडला. ढीगभर उत्तरं. काकू, हे खरं आहे का? काकू, तुम्ही पाठवलं म्हणून उघडलं. काकू, तुमच्या मेलमध्ये असं कसं?

काकूंनी चष्मा लावून एकेक वाचलं. "मी आता हे काम सोडते," म्हणाल्या.

"सोडा की," पल्लवी म्हणाली. "आधी यांले सगळ्यांले फोन करू, मग सोडा."

दोघी बसल्या. अर्धी नावं काकूंकडे, अर्धी पल्लवीकडे. पोह्यांची बशी मध्ये. मी मेल लिहून सगळ्यांना धाडला, पण आपल्या लोकांना मेलचा भरवसा त्या दिवशी उरला नव्हता, त्यांना आवाज हवा होता. काकू एका घराला समजावत होत्या, पल्लवी दुसऱ्या. "कुमुदकाकूंच्या घरून बोलते. त्या मेलवर दाबू नका." पलीकडून प्रत्येक जण विचारायचा, "आपण कोण बोलून राहिल्या?" पहिल्या वेळी ती अडखळली. काकूंनी आपला फोन कानापासून दूर धरला आणि पाहत राहिल्या. ती म्हणाली, "मी पल्लवी." पलीकडून नीट ऐकू आलं, "अच्छा, पल्लवी! बरं झालं तू आहेस तिथं." पुढच्या फोनांना ती अडखळली नाही.

काही जणांनी काकूंना बोल लावले. ते त्यांनी ऐकून घेतले, चूक आपली आहे म्हणाल्या. तात्यापाऱ्यातल्या त्या वडिलांकडे मी स्वतः जाऊन त्यांचं खातं बघून आले. त्यात अजून कोणी शिरलं नव्हतं. पण सगळंच वाचलं असं मी म्हणणार नाही. चोरानं आत बसून काय काय पाहिलं, काय उतरवून घेतलं, ते मला सांगता येत नाही, कोणालाच येत नाही. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगताना माझी जीभ जड होते. घर परत मिळतं, चोर आत फिरून गेला हे काही पुसता येत नाही. तेही काकूंनी लपवलं नाही. ज्या ज्या मुलीचा फोटो होता, त्या मुलीला स्वतः फोन करून सांगितलं, तिच्या बापाला नाही. पुढे काम सोडलंही नाही. फक्त पत्रिका आता कागदावर मागतात.

मी परत आले तेव्हा फोन आटोपले होते. पल्लवी पर्स उचलत होती, तिला बँकेत परत जायचं होतं. माझं एकच काम राहिलं होतं. खात्यावर मालकाशिवाय आणखी एक भरवशाचा नंबर टाकावा लागतो, म्हणजे उद्या काही झालं तर कोड तिथं येईल. जुना काढून नवा टाकायची वेळ होती.

"काकू, नंबर कोणाचा टाकू? अभिजितचा?"

पल्लवी हेल्मेटचा पट्टा नीट करण्यात गुंतली. फारच गुंतली.

"हिचाच राहू दे," काकू म्हणाल्या.

"माझा कशाले, आई?" पल्लवी पट्ट्याकडेच पाहत म्हणाली. "मी आता इथली कुठं आहे? अभिजितचा टाका न. घरचा आहे."

"तो फोनवर सांगून टाकन कोड," काकू म्हणाल्या. "तू येशील."

मी तिचाच नंबर पुन्हा टाकला. तो चालतो की नाही ते तपासायला मशीननं एक कोड पाठवला, आणि पल्लवी पर्स ठेवून परत खाली बसली.